ओपिऑइड वेदनाशामकांच्या मंजुरीचा वाद (अमेरिका)

अतितीव्र वेदनांवरील नव्या ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणाऱ्या, व्यसन जडवू शकणाऱ्या) औषधांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) दिलेल्या मंजुरींमुळे, विशेषतः २०१३ नंतर, हा वाद पेटला. त्याला पार्श्वभूमी होती १९९५ मध्ये मंजूर झालेल्या ऑक्सिकॉन्टिन या दीर्घप्रभावी ओपिऑइड गोळीची. हे औषध सावकाश शोषले जात असल्याने त्याच्या गैरवापराची शक्यता कमी असल्याचे मानले जाते, असे त्याच्या अधिकृत माहितीपत्रकात म्हटले होते. प्रत्यक्षात गोळी चुरडली की सारी मात्रा एकदमच मिळत असे.

झोहायड्रो ईआर या हायड्रोकोडोनच्या (एक ओपिऑइड) दीर्घप्रभावी कॅप्सूलला एफडीएच्या सल्लागार समितीने डिसेंबर २०१२ मध्ये ११ विरुद्ध २ मतांनी विरोध केला, तरीही ऑक्टोबर २०१३ मध्ये एफडीएने मंजुरी दिली. तोवरच्या, पॅरासिटामॉलसारखे दुसरे औषधही असलेल्या मिश्र गोळ्यांत हायड्रोकोडोन जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम असे. या कॅप्सूलमध्ये ते ५० मिलिग्रॅमपर्यंत होते आणि ती चुरडता येऊ नये अशी कोणतीही योजना नव्हती. मिश्र गोळ्यांतील पॅरासिटामॉलमुळे यकृताला होणारी इजा नव्या औषधाने टळते, हा समर्थकांचा मुद्दा खरा होता, आणि दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने तो क्षुल्लक म्हणता येणार नाही. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनी २०१४ मध्ये राज्यात घातलेली बंदी संघीय न्यायालयाने रोखली.

नोव्हेंबर २०१८ मध्ये सुफेंटानिल या ओपिऑइडच्या डसुव्हिया गोळीला मिळालेल्या मंजुरीवरून वाद पुन्हा उफाळला. फेंटानिल या अतिशय तीव्र ओपिऑइडहून सुमारे दहापट प्रभावी असलेली ही ३० मायक्रोग्रॅमची गोळी एकदाच वापरायच्या उपकरणाने आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णाच्या जिभेखाली ठेवायची असे. ती घरी नेण्यास मुभा नव्हती. शिरेतून औषध देणे शक्य नसलेल्या जखमी सैनिकांची गरज एफडीएचे आयुक्त स्कॉट गॉटलिब यांनी पुढे केली. या वेळी समितीचा कौल १० विरुद्ध ३ असा अनुकूल होता. मात्र बैठकीला उपस्थित नसलेले समितीचे अध्यक्ष रेफर्ड ब्राउन यांनी उघड विरोध केला.

एखादे औषध सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या रुग्णापुरतेच जोखावे, की ते आणखी कोणाच्या हाती पडेल याचाही हिशेब मंजुरीआधीच करावा, हा या वादाचा गाभा आहे. हजारो लोक अतिमात्रेने दगावत असताना दुसरी कसोटी टाळणे समर्थनीय नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१७ च्या अहवालाने तीच उचलून धरली आणि २०१९ मध्ये एफडीएने काढलेल्या मार्गदर्शक मसुद्यात तिचा समावेश झाला. नवे औषध उपलब्ध औषधांपेक्षा सरस असल्याचे सिद्ध करण्याचे बंधन मात्र त्या मसुद्यानेही कंपन्यांवर घातले नाही.