हक्कांच्या कामाचा पैसा: फाउंडेशन, एफसीआरए आणि तालुक्याची संस्था

परदेशातून आलेला निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला द्यायला सप्टेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे, दोघींकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचे नियमन करणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी असली तरीही. वनहक्क, वेठबिगारी, जातीय अत्याचार, घरगुती हिंसा अशा प्रश्नांवर तालुक्यात काम करणाऱ्या लहान संस्थांना याचा फटका सर्वांत जास्त बसला. मोठ्या फाउंडेशनचा पैसा त्यांच्यापर्यंत बहुतेक वेळा थेट येतच नसे. तो आधी दिल्ली-मुंबईतल्या मध्यस्थ संस्थेकडे येई आणि तिथून लहान रकमांत गावाकडे जाई.

फोर्ड फाउंडेशनचे दिल्लीतले कार्यालय १९५२ सालचे. सुरुवातीचा भर शेती आणि ग्रामविकासावर होता. जर्मनीतल्या मिझेरिओर (१९५८) आणि ब्रेड फॉर द वर्ल्ड (१९५९) या चर्चशी जोडलेल्या संस्थांचाही पैसा भारतात येऊ लागला. आणीबाणीनंतर दलित, आदिवासी आणि स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या, तशी या निधीची वाट हक्कांच्या कामाकडेही वळली. मुंबईत १९७९ साली सुरू झालेल्या क्रायने बालहक्कांवर काम करणाऱ्या संस्थांना पैसा पुरवला. दिल्लीच्या श्रुतीने १९८३ पासून संस्थेऐवजी थेट कार्यकर्त्याला फेलोशिप दिली. दलित फाउंडेशन २००३ मध्ये आले. साखळी अशी कडीकडीने तयार झाली.

कायदा तिच्या शेजारीच वाढत होता. पहिला एफसीआरए १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतलाच. राजकीय पक्ष, उमेदवार आणि वृत्तपत्रे यांना परदेशी पैशापासून दूर ठेवणे हा त्याचा उद्देश. सामाजिक संस्थांनी निधी आल्यावर सरकारला कळवले की पुरे होते. जयप्रकाशांच्या आंदोलनाशी जवळीक असलेल्या गांधीवादी संस्थांच्या चौकशीसाठी १९८२ मध्ये कुदाल आयोग नेमला गेला, आणि १९८४ च्या दुरुस्तीने आधी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी सक्तीची झाली. २०१० च्या नव्या कायद्याने नोंदणीला पाच वर्षांची मुदत घातली. २०११ च्या नियमांनी तर बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो यांना नेहमी पाठिंबा देणारी संघटना ‘राजकीय स्वरूपाची’ ठरवण्याची सोय केली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० रोजी ही तरतूद आकुंचित केली: पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या प्रश्नासाठी असा मार्ग धरला, तर परदेशी निधी नाकारता येणार नाही. हक्कांच्या चळवळीसाठी हा मोलाचा निकाल होता. सहा-सात महिन्यांतच नवी दुरुस्ती आली. तीही न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी वैध ठरवली.

या दुरुस्तीतली निधी पुढे देण्यावरची बंदी सर्वांना माहीत आहे. तितकेच नुकसान करणारी दुसरी तरतूद मात्र कमी बोलली जाते: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. दहा लाखांत दोन लाख. शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय धरला जात नाही, पण कार्यालयाचे भाडे, हिशेबनीस, अहवाल लिहिण्याचा खर्च आणि कायदेशीर व व्यावसायिक शुल्क धरले जाते. हक्कांच्या संस्थेचे काम तर वकील, अर्ज आणि कागदपत्रे यांवरच चालते. शाळेला जी मर्यादा झेपते, ती इथे गळ्याशी येते.

वनहक्काचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचा आदिवासींचा दावा घ्या. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा, किमान दोन पुरावे जोडायचे, ग्रामसभेचा ठराव घ्यायचा, मग उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समिती. दावा फेटाळला तर अपिलाला ६० दिवस. यात लागतो तो कार्यकर्त्याचा पगार, एसटीचे भाडे, महसुली नकला आणि झेरॉक्स. दावे वर्षानुवर्षे लोंबकळतात आणि अनुदान बहुधा एका वर्षाचे असते. अपिलाची वेळ येते तेव्हा कार्यकर्त्याचे मानधन थांबलेले असते. म्हणून किमान तीन वर्षांचा आणि बाबवार न बांधलेला निधी देणारे फाउंडेशन या कामाला खरोखर उपयोगी पडते. ‘किती दावे मंजूर झाले’ एवढेच मोजणारा निधीदाता नकळत संस्थेला सोप्या प्रकरणांकडे ढकलतो.

आता थेट निधी घ्यायचा तर संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. तेवढे नसतील, तर ठरावीक दात्याकडून ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी मागावी लागते, दात्याचे हमीपत्र जोडून. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो, तिथून वापराच्या खात्यात. परदेशी निधीचे वार्षिक विवरणपत्र, एफसी-४, ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे. लहान संस्था अडकतात त्या साध्या चुकांत: स्थानिक देणगी एफसीआरए खात्यात जमा होते, किंवा खात्यावरचे व्याजही परदेशी निधीतच मोजायचे असते हे राहून जाते.

देशी पैसा ही पोकळी भरून काढेल अशी आशा २०१४ मध्ये सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातला वाटा सामाजिक कामावर खर्च करण्याचा नियम, लागू झाल्यावर होती. पण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे या खर्चासाठीच्या कामांच्या यादीत, शिक्षण, आरोग्य, स्त्री-पुरुष समानता आहे; मानवी हक्क हा शब्द नाही. कंपन्या वर्गखोल्या बांधून देतात. अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदाराला तारखेला आणण्याचा खर्च त्या करत नाहीत, आणि तो कोणीतरी करायलाच हवा.

पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने पहिल्यापासून निधी देणाऱ्या संस्थांचा पैसा टाळला. सदस्यांची वर्गणी आणि व्यक्तिगत देणगी यांवरच ती चालते. महाराष्ट्रात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्यासाठी. कार्यकर्ता जगला तर काम टिकते, हे त्या निधीने बरोबर ओळखले होते.

परदेशातल्या मराठी देणगीदारांनी एक फरक लक्षात ठेवावा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी परदेशी निधी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र ठरते, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी. एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेने पैसे स्वीकारण्यापूर्वी पासपोर्टची प्रत मागून ठेवावी.