हाताच्या मृदू ऊतींची पुनर्रचना

अपघात, भाजणे, जंतुसंसर्ग इत्यादींमुळे हाताची त्वचा, तिच्याखालील चरबी, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), चेतातंतू व रक्तवाहिन्या यांची झालेली हानी शस्त्रक्रियेने भरून काढण्याची पद्धती. सांगली जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अशा इजेची ओळखीची कारणे म्हणजे कडबाकुट्टी यंत्र आणि उसाचा चरक. कुट्टीत कडबा सारताना मूठ दातेरी रोलरांमध्ये ओढली जाते. पाते बोट तोडते, रोलर मात्र कातडी सोलून आतल्या ऊती चिरडतो, त्यामुळे पहिल्या दिवशी लहान भासणारी जखम दोन-तीन दिवसांत मोठी ठरू शकते. म्हणून मृत ऊती काढून टाकण्याचे काम कित्येकदा दोन टप्प्यांत करावे लागते. जखमेत दाबलेली हळद आधी धुऊन काढावी लागते.

जखम झाकणाऱ्या आवरणाची निवड जखमेच्या तळावर अवलंबून असते. तळाला रक्तपुरवठा असेल तर त्वचारोपण (दुसरीकडून पूर्ण सुटी काढलेली त्वचा बसवणे) पुरते. परंतु अस्थिआवरण गेलेले हाड किंवा वेष्टन गेलेली कंडरा उघडी पडली असल्यास त्यावर रोपण धरत नाही आणि स्वतःचा रक्तपुरवठा असलेला फ्लॅप, म्हणजे त्वचा व तिच्याखालील चरबीचा तुकडा, आणावा लागतो. बोटाच्या टोकासाठी जवळचीच त्वचा पुढे सरकवणारा व्ही-वाय फ्लॅप (V आकाराचा छेद घेऊन Y आकारात शिवलेला) किंवा शेजारच्या बोटाच्या पाठीवरून घेतलेला फ्लॅप वापरतात.

देठाने मूळ जागेशी जोडलेली त्वचा दुसरीकडे नेण्याचे हे तत्त्व प्राचीन आहे. मात्र त्याचा उगम वादग्रस्त आहे. सुश्रुतसंहितेत पानाने माप घेऊन गालाच्या बाजूची त्वचा नाकावर बसवण्याची कृती आहे. या ग्रंथाचा काळ इ. स. पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत वेगवेगळा मानला जातो. कपाळाच्या त्वचेने नाक घडवण्याची प्रसिद्ध पद्धत त्यात आढळत नाही. तिचा छापील वृत्तांत लंडनच्या एका मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये आला. त्यातील रुग्ण कावसजी हा इंग्रजी फौजेतील बैलगाडीवान होता (नाव पारशी वाटले तरी वृत्तांत त्याला मराठा म्हणतो) आणि शस्त्रक्रिया पुण्याजवळ एका विटा करणाऱ्या जातीच्या माणसाने केली. दोन्ही पद्धतींत अखंड परंपरा मानणाऱ्या मतापेक्षा, कपाळाची पद्धत कारागिरांनी पुढे स्वतंत्रपणे घडवली असावी हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हाताच्या मोठ्या जखमेसाठी मॅकग्रेगर व जॅक्सन यांनी १९७२ मध्ये वर्णिलेला जांघेचा फ्लॅप आजही उपयोगी आहे. जांघेतील एका वरवरच्या धमनीवर पोसलेली त्वचा उचलून हात तेथेच शिवतात. रुग्ण सुमारे तीन आठवडे पँटीच्या खिशात हात घातल्यासारखा राहतो. रोज फ्लॅपवर बोट दाबून सोडतात व रंग किती वेगाने परततो ते पाहतात. फिकटपणा राहिला तर धमनीची, निळसर छटा आली तर शिरांची अडचण समजतात. पुढे देठ कापून हात मोकळा करतात. फ्लॅप जाड असतो, त्यात संवेदना कमी असते आणि खांदा-कोपर आखडतात; तरी रक्तवाहिन्या जोडण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नसल्याने जिल्हास्तरीय रुग्णालयाला तो झेपतो.

अग्रबाहूच्या (कोपर ते मनगट या भागाच्या) धमनीवरील उलट्या प्रवाहाचा, म्हणजे हाताकडून मागे येणाऱ्या रक्तावर पोसलेला, फ्लॅप एकाच टप्प्यात होतो, परंतु त्यात हाताची एक मुख्य धमनी खर्ची पडते. दुसरी धमनी एकटी हाताला पोसते की नाही, याची मनगटावरील चाचणी त्याआधी करावी लागते. जांघेला शिवलेल्या हाताची बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलवत ठेवावी लागतात.