गाडीचा दिवा दिसला म्हणजे चालकाला आपण दिसलो?

‘रात्री गाडीचे दिवे जितक्या लांबून दिसतात, तितक्याच लांबून चालकाला आपण दिसतो’ हा समज जुना, आणि पटण्यासारखाही. पण दिवा स्वतः उजळतो. आपण दिसतो ते अंगावरून परतलेल्या उजेडामुळे. गडद कपडे तो फारसा परतवत नाहीत.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. आपण चालकाला दिसल्यापासून त्याचा ब्रेकवर पाय पडेपर्यंतच सुमारे २५ मीटर जातात, थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी वीसेक. (पावसाळ्यात तर विचारूच नका.)

पडताळायचं तर अंधाऱ्या मैदानात उभ्या गाडीत बसा, दिवे डिपरवर (झोत खाली) ठेवा आणि गडद कपड्यातल्या कुणाला पावलं मोजत लांब जायला सांगा. तो दिसेनासा होईल, तेव्हाही त्याला दिवे लख्ख दिसत असतील.