वेव्ह-गोटिक-ट्रेफन

वेव्ह-गोटिक-ट्रेफन : जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातील लाइपझिग शहरात दरवर्षी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत भरणारा गॉथ संगीताचा महोत्सव. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी पेंटेकॉस्टचा रविवार येतो आणि जर्मनीत त्याला जोडून सोमवारीही सुट्टी असते. त्यामुळे महोत्सव शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस चालतो आणि त्याची तारीख मे-जूनमध्ये दरवर्षी पुढेमागे होते. अलीकडच्या वर्षांत साधारण १८ ते २० हजार रसिक येतात आणि दोनशेच्या आसपास बँड वाजतात. गॉथ रसिकांच्या जगातील सर्वांत मोठ्या मेळाव्यांत त्याची गणना होते. नेहमी येणारे लोक जर्मन आद्याक्षरांवरून त्याला नुसते ‘वे-गे-टे’ म्हणतात.

इतर मोठ्या संगीत महोत्सवांना एक मैदान असते, कुंपण असते, दोन-तीन मंच असतात. इथे तसे काही नाही. चाळीसहून अधिक ठिकाणी, म्हणजे जुने कारखाने, नाट्यगृहे, चर्च, तळघरे, बागा आणि एका युद्धस्मारकाच्या पोटातही, एकाच वेळी कार्यक्रम चालू असतात. एका दिवसात त्यातले जेमतेम चार-सहा बँड ऐकून होतात. कोणते ऐकायचे आणि कोणते सोडायचे हे प्रत्येकाने आपले आपण ठरवायचे. म्हणूनच एकाच दिवशी आलेल्या दोन माणसांनी ऐकलेला महोत्सव क्वचितच सारखा असतो, आणि या मेळाव्याची खरी गोडी तिथेच आहे.

गॉथ संगीत पंक या बंडखोर रॉक संगीताच्या ओसरत्या लाटेतून इंग्लंडमध्ये जन्मले. बाउहाउस या बँडचे १९७९ साली आलेले ‘बेला लुगोसीज डेड’ हे नऊ मिनिटांहून मोठे गाणे त्याचा आरंभबिंदू मानण्याची पद्धत आहे. सूझी अँड द बँशीज, द क्युअर, लीड्सचे सिस्टर्स ऑफ मर्सी यांनी या संगीताला घडवले. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात सुरू झालेल्या बॅटकेव्ह या क्लबने त्याला पेहराव दिला. ठाम, पुढे ओढत नेणारा बास, खोल घुमणारी गिटार, खर्जातला आवाज आणि मृत्यू, एकाकीपण, श्रद्धा यांना सरळ भिडणारे शब्द ही त्याची ओळख. जर्मनीत मात्र ‘काळ्या’, म्हणजे काळा पेहराव करणाऱ्या, रसिकांचे कुटुंब पुष्कळच मोठे झाले. बेल्जियमच्या फ्रंट २४२ सारख्यांचे यंत्रतालावरचे इलेक्ट्रॉनिक संगीत, कारखान्यातल्या आवाजांशी खेळणारे इंडस्ट्रियल, मध्ययुगीन मशकवाद्ये घेऊन वाजणारा रॉक, हलक्या आवाजातले निओफोक आणि जवळजवळ शास्त्रीय वाटणारे वृंदगान हे सारे इथे एकाच छपराखाली नांदते.

हा मेळावा लाइपझिगलाच का रुजला हे समजून घ्यायचे तर पूर्व जर्मनीकडे पाहावे लागते. १९८० च्या दशकात तिथेही काळे कपडे घालणारी, केस उभे करणारी मुले होती. त्यांना लोक ‘ग्रुफ्टी’ म्हणत. पाश्चात्त्य तबकड्या सहज मिळत नसत. सीमेपलीकडची रेडिओ केंद्रे ऐकून, गाणी कॅसेटवर उतरवून, एकमेकांना नक्कल करून देऊन हे संगीत पसरले. ७ मार्च १९८८ रोजी डिपेश मोड या इंग्लिश बँडने पूर्व बर्लिनमध्ये कार्यक्रम केला, तो त्या पिढीच्या आठवणींत अजून ठळक आहे. श्टाझी या गुप्त पोलीस यंत्रणेने पंक आणि स्किनहेडबरोबर ग्रुफ्टींचीही संशयास्पद तरुणांत नोंद ठेवली होती. पॉट्सडॅमच्या टेकडीवरच्या पडक्या बेल्व्हेडेअर वाड्यात अशी मुले जमत, आणि त्या जमण्यावरही नजर असे. उघडपणे एकत्र यायला मिळणे ही या लोकांसाठी किती मोठी गोष्ट होती, हे लक्षात घेतले की पुढचा इतिहास उलगडतो.

बर्लिनची भिंत पडल्यावर, १९९२ साली, लाइपझिगच्या कॉनेविट्झ भागातील आइसकेलर या युवाकेंद्रात (आजचे कॉने आयलंड) पहिला मेळावा झाला. दोनेक हजार लोक आले. त्या काळात शहरातले कारखाने बंद पडत होते, मोठमोठ्या इमारती ओस पडल्या होत्या आणि जागा स्वस्तात मिळत होत्या. मेळावा वाढला तसा तो या रिकाम्या जागांमधून शहरभर पसरला. २००० साली मात्र घडी मोडली. ९ ते १२ जूनच्या त्या महोत्सवात आयोजकांची आर्थिक बाजू कोसळली. पैसे मिळणार नाहीत हे कळल्यावर कामगार आणि सुरक्षारक्षक निघून गेले, बरेच कार्यक्रम रद्द झाले. तरी दंगा झाला नाही. काही बँड बिनपैशाने वाजले आणि शक्य होते तिथे कार्यक्रम तसेच पुढे रेटले गेले. पुढच्या वर्षी नव्या व्यवस्थापनाखाली मेळावा पुन्हा भरला. त्यानंतर खंड पडला तो २०२० आणि २०२१ मध्ये, कोविडमुळे. २०२२ च्या जूनमध्ये एकोणतिसावा मेळावा झाला.

महोत्सवातील एक दिवस : दिवसाची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. ‘फिंग्स्टबोटे’ नावाची कार्यक्रम पुस्तिका असते, तिच्यात सगळ्या ठिकाणांच्या वेळा दिलेल्या असतात. तिकीट चारही दिवसांचे मिळून एकच असते. ते दाखवून मनगटावर कापडी पट्टी बांधून घ्यायची, आणि त्या पट्टीवर शहरातल्या ट्राम-बसमधून फिरता येते. ही सोय बारीकसारीक नव्हे. तिच्याविना एवढ्या पसरलेल्या मेळाव्याचा एक दिवसही नीट पार पडला नसता. आग्रा या महोत्सवाच्या मुख्य मैदानावर तंबू ठोकून राहायचे असेल तर ‘ओब्झोर्गेकार्टे’ हे वेगळे कार्ड घ्यावे लागते.

दुपारपर्यंत बँड फारसे वाजत नाहीत. तो वेळ शहराचा. पट्टी दाखवून अनेक संग्रहालयांत जाता येते. विद्यापीठाच्या इजिप्शियन संग्रहालयात ममींच्या पेट्यांसमोर काळ्या झालरींचे घोळदार झगे घातलेल्या स्त्रिया शांतपणे माहितीफलक वाचत असतात. १८८६ साली खुल्या झालेल्या झ्यूडफ्रीडहोफ या विस्तीर्ण दफनभूमीत माहितगारांबरोबर फेऱ्या निघतात. या दिवसांत तिथले ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात. चर्चमध्ये ऑर्गनवादन होते. बाख या थोर संगीतकाराने आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे ज्या शहरात काढली तिथे ते ऐकायला चुकवू नये. पहिल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, क्लारा झेटकिन बागेत व्हिक्टोरियन सहल भरते. उंच टोप्या, क्रिनोलिन, लेसच्या छत्र्या, चांदीची चहाची भांडी असा थाट. तो पाहायला लाइपझिगची सामान्य माणसे मुलाबाळांसह येतात आणि छायाचित्रे काढतात.

संध्याकाळचे मुख्य ठिकाण म्हणजे शहराच्या दक्षिण टोकाला असलेले आग्रा. पूर्व जर्मनीच्या काळात इथे कृषी प्रदर्शने भरत, नाव त्यावरूनच राहिले. आपल्या आग्र्याशी त्याचा संबंध नाही. ११ क्रमांकाची ट्राम मध्यवर्ती स्थानकाकडून कार्ल लीबक्नेख्त रस्त्याने कॉनेविट्झमार्गे तिकडे जाते. एरवी कामावरून घरी जाणाऱ्यांची ही ट्राम त्या चार दिवसांत काळ्या मखमलीने, चामड्याने आणि रंगीत प्लास्टिकच्या केसांनी भरून जाते. शेजारी बसलेल्या आजीबाई ‘कुठून आलात, आज कोणाला ऐकणार’ अशी चौकशी करतात, आणि अनोळखी रसिक पुस्तिका उघडून एकमेकांना बँड सुचवतात. या ट्राममधल्या गप्पांवरून लोकांनी आपले बेत बदलल्याचे नेहमी ऐकू येते. मैदानावर मोठे सभागृह आहे, कपडे, दागिने आणि तबकड्यांचा प्रचंड बाजार भरतो, आणि जवळच ‘हाइडनिशेस डॉर्फ’ म्हणजे जुन्या मूर्तिपूजक काळाच्या कल्पनेवर उभारलेले गाव असते. लोहार, कातडीकाम करणारे, शिंगातून प्यायची मधाची दारू, आणि मशकवाद्ये व ढोल घेतलेले बँड. गावात तिकीट काढून बाहेरचे लोकही येऊ शकतात, त्यामुळे तिथे कुटुंबांची वर्दळ असते.

खरा पेच संध्याकाळी पडतो. वाद्यवृंद बदलायला लागणारा वेळ धरला तर एका मंचावर संध्याकाळी पाच-सहा बँड होतात, प्रत्येकाला साधारण पाऊण तास ते तास. त्याच वेळी पश्चिमेकडे प्लागविट्झमध्ये फेल्झेनकेलरच्या जुन्या नृत्यशाळेत गिटारवाला गॉथ रॉक चालू असतो. समाजवादी नेत्या रोझा लक्झेंबर्ग यांनी जिथे भाषणे केली ती हीच वास्तू. शहराच्या मध्यात शाउश्पीलहाउस या नाट्यगृहात लोक खुर्च्यांवर बसून निःशब्द निओफोक ऐकत असतात. कॉनेविट्झच्या वेर्क २ या जुन्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक तालावर शेकडो बूट एकदम जमिनीवर आपटत असतात. आग्र्यापासून प्लागविट्झला ट्राम बदलून जायचे म्हणजे पाऊण तास सहज जातो. शिवाय पट्टी असली म्हणजे प्रवेश मिळेलच असे नाही. सभागृह भरले की दार बंद होते आणि आतला एक बाहेर पडला तरच बाहेरचा एक आत जातो. नावाजलेल्या बँडसाठी शेवटच्या क्षणी धावत गेलेले अनेकजण रस्त्यावरूनच परततात.

नवख्यांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. प्रत्येक ठिकाणची संध्याकाळ बहुधा एकाच प्रकारच्या संगीताभोवती गुंफलेली असते. त्यामुळे नावांच्या मागे शहरभर धावण्यापेक्षा एक ठिकाण निवडून पहिल्या, अनोळखी बँडपासून तिथेच थांबणे अधिक फलदायी ठरते. जो बँड ऐकायला आलो त्याच्याआधी वाजलेल्या, कधी नावही न ऐकलेल्या त्रिकुटाने मनाचा ताबा घ्यावा, असे या मेळाव्यात वारंवार घडते. लहान बँडनाही इथे नुसती वेळ भरायला बोलावलेले नसते. श्रोते त्यांच्यासाठी वेळेवर येतात, ऐकतात, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांची तबकडी विकत घेतात.

ठिकाणांचा आणि संगीताचा मेळ जिथे जमतो तिथे महोत्सव उंची गाठतो. १८१३ मध्ये लाइपझिगजवळ नेपोलियनचा पराभव झाला. त्या लढाईचे ९१ मीटर उंचीचे स्मारक, फ्योल्करश्लाख्टडेंकमाल, १९१३ साली पुरे झाले. त्याच्या आत घुमटाखाली दगडी योद्ध्यांनी वेढलेली क्रिप्टा, म्हणजे वर्तुळाकार स्मृतिदालन, आहे. तिथे उच्चारलेला स्वर कितीतरी सेकंद विरत नाही. जलद तालाचा बँड तिथे चिखल होऊन जाईल. पण संथ वृंदगान किंवा एकटा आवाज तिथे जे होतो ते कुठल्याही ध्वनियंत्रणेला साधणार नाही. कोलराबीत्सिर्कुस ही १९२० च्या दशकाअखेर बांधलेली घाऊक बाजाराची वास्तू, सुमारे ६६ मीटर व्यासाचे दोन काँक्रीट घुमट असलेली. भाजीबाजारामुळे लोकांनी तिला ‘नवलकोल सर्कस’ हे नाव दिले. अनेक वर्षे तिथे इलेक्ट्रॉनिक आणि इंडस्ट्रियल संगीत गाजले. मोरित्सबास्टाय ही सोळाव्या शतकातील तटबंदीची उरलेली बुरुजवजा वास्तू युद्धानंतर राडारोड्याखाली गाडली गेली होती. १९७४ पासून विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ती हातांनी उकरून काढली. त्यांत पुढे जर्मनीच्या चॅन्सेलर झालेल्या आंगेला मेर्केल होत्या. तिच्या विटांच्या कमानींखाली दिवसा बँड वाजतात आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत नाच चालतो. उघड्यावरचे मंच शेजारपाजारच्या झोपेसाठी लवकर आटोपतात, म्हणून रात्रीचा उत्तरार्ध अशा तळघरांचाच असतो.

वाद आणि बदल : निओफोक आणि इंडस्ट्रियलमधील काही बँडनी वापरलेल्या चिन्हांवरून आणि गणवेशांवरून जर्मनीत वारंवार आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते रास्त आहेत. ज्या देशात नाझी चिन्हे दाखवणे कायद्याने गुन्हा आहे तिथे ‘केवळ कला’ हे उत्तर पुरत नाही, आणि रसिकांमधूनही याला ठाम विरोध होत आला आहे. दुसरी तक्रार अधिक साधी : आग्र्याच्या ट्रामथांब्यापासून सभागृहापर्यंतच्या रस्त्यावर छायाचित्रकारांची रांग लागते, आणि काहीजण बँड न ऐकता फक्त तिथेच मिरवतात. जुन्या लोकांना हे खुपते. पण पेहराव हा या संस्कृतीचा पहिल्यापासूनचा भाग आहे, आणि महिनोन्महिने हाताने शिवलेला झगा एका दिवसासाठी घालून येणाऱ्या माणसाची मेहनत बँडच्या सरावापेक्षा कमी लेखण्याचे कारण दिसत नाही.

रसिकांचे वय वाढले आहे. १९९२ ला विशीत असलेले आता पन्नाशीत आहेत आणि मुलांना कानावर आवाजरोधक घालून बरोबर आणतात. त्याच वेळी विशीतले नवे श्रोते जुन्या पोस्ट-पंककडे वळले आहेत, आणि एकाच सभागृहात दोन पिढ्या शेजारी उभ्या असतात.

इतरत्रही असे मेळावे आहेत : इंग्लंडमध्ये व्हिटबी गॉथ वीकेंड १९९४ पासून, जर्मनीतच हिल्डेसहाइमच्या विमानतळावर मेरा लूना २००० पासून, पोलंडमध्ये बोल्कुफच्या किल्ल्यात कॅसल पार्टी. मेरा लूनात किंवा बोल्कुफला मोठ्या बँडना सलग ऐकणे सोपे जाते, कारण मंच हाकेच्या अंतरावर असतात. लाइपझिगला येणाऱ्याने मात्र दिवसाकाठी दोन-तीनच बँड मनापासून ऐकण्याची तयारी ठेवावी, पायांत वापरून मऊ झालेले बूट घालावेत, आणि पुस्तिकेत खूण न केलेल्या एखाद्या दारातही शिरून पाहावे.