एका बरोबरीपुरते गणित : आशियाई चषक आणि भारतीय फुटबॉलच्या चाहत्यांची आशा

भारतीय फुटबॉल संघ आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत उतरला की त्याच्या चाहत्यांमध्ये एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो: विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण धरून, गटातील तीन सामन्यांत तीन गुणांवर भागेल का, की चार लागतील? विजेतेपदाची भाषा कोणी करत नाही. बाद फेरी गाठली तरी पुष्कळ, असे धरूनच बोलणे सुरू होते आणि पहिली शिट्टी वाजण्याआधीच गोलफरक (केलेले आणि खाल्लेले गोल यांतला फरक), इतर गटांचे निकाल व तिसऱ्या क्रमांकावरील संघांची तुलना यांची आकडेमोड मांडून होते. आशिया चषक म्हटले की क्रिकेटच आठवणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा खटाटोप विचित्र वाटेल. भारत या स्पर्धेत आजवर पाच वेळा खेळला आहे: 1964, 1984, 2011, 2019 आणि प्रत्यक्षात 2024 च्या जानेवारी-फेब्रुवारीत झालेली 2023 ची स्पर्धा. या पाच खेपांत मिळून सोळा सामने, तीन विजय, एक बरोबरी आणि बारा गोल एवढीच जमा आहे. इतक्या तुटपुंज्या जमेवर इतकी मोठी आकडेमोड का उभी राहते, हे समजून घ्यायचे तर मागे जावे लागते.

या आशेचा पाया 1951 ते 1962 या काळात घातला गेला. 1951 साली दिल्लीतील पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत मेवालाल यांच्या गोलावर भारताने इराणला 1-0 असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडवला, ही आठवण मात्र सुवर्णकाळाच्या वर्णनात सहसा गाळली जाते. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. मुंबईत टाटा संघाकडून खेळणारे, मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांनी तेथे यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना 4-2 असा जिंकला. 1962 मध्ये जकार्ता येथे पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवून दुसरे आशियाई सुवर्ण आले. या सर्व काळातील प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे 1963 साली कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताला फुटबॉलचे एकच पदक मिळाले, ते 1970 चे बँकॉकमधील कांस्य.

आशियाई चषकातील भारताची सर्वोत्तम कामगिरी 1964 मधली, आणि जाणकार चाहते तिचा उल्लेख अभिमानाने करतात. भारत त्या वर्षी उपविजेता ठरला, हे खरेच आहे. मात्र स्पर्धेचे स्वरूप पाहिल्याशिवाय त्या उपविजेतेपदाची खरी किंमत कळत नाही. इस्राएलमध्ये झालेल्या त्या स्पर्धेच्या पात्रता फेरीतून भारताच्या गटातील इतर संघांनी माघार घेतल्यामुळे भारताला एकही पात्रता सामना खेळावा लागला नाही, आणि मुख्य स्पर्धेत चारच संघ होते: इस्राएल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही. प्रत्येकाने इतर तिघांशी खेळायचे आणि गुणांवर क्रम ठरवायचा. चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण कोरियाला 2-0 आणि हाँगकाँगला 3-1 असे हरवले, तर इस्राएलकडून 0-2 अशी हार पत्करली. कोरियावरचा विजय 27 मे 1964 रोजी मिळाला. त्याच दिवशी पंडित नेहरूंचे निधन झाले, तेव्हा हैफातील त्या विजयाकडे देशाचे लक्ष जाणे शक्यच नव्हते. ज्या यशाचा पुढे साठ वर्षे दाखला दिला गेला, ते घडले तेव्हा साजरे करायला कोणी मोकळे नव्हते.

नंतरची वीस वर्षे भारत मुख्य स्पर्धेत दिसलाच नाही. 1984 साली युगोस्लाव्ह प्रशिक्षक चिरिच मिलोव्हान यांच्या हाताखाली संघ सिंगापूरला गेला. तेथे सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आणि चीन यांच्याकडून हरला, इराणला 0-0 असे रोखले आणि एकही गोल न करता परतला. पुन्हा सत्तावीस वर्षांची पोकळी पडली. म्हणजे मुख्य स्पर्धेत आपला संघ पाहिलेला चाहता एका पिढीत जेमतेम एकदाच तयार होत होता, आणि संघाच्या कुवतीचा अंदाज बांधण्यासाठी त्याच्यापाशी वडीलधाऱ्यांच्या आठवणींखेरीज दुसरे साधन नव्हते.

2011 ची दोहा येथील स्पर्धा ही दूरचित्रवाणी आणि इंटरनेटच्या काळातली पहिली. तिथपर्यंतची वाटही आडवळणाचीच होती. 2008 मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात सुनील छेत्रीच्या तीन गोलांच्या बळावर भारताने ताजिकिस्तानला 4-1 असे हरवले आणि दुबळ्या मानल्या गेलेल्या देशांसाठीच्या त्या स्पर्धेतून आशियाई चषकाचे दार उघडले. दोहात ऑस्ट्रेलियाने 4-0, बहारीनने 5-2 आणि दक्षिण कोरियाने 4-1 असे हरवले. बायचुंग भुतिया दुखापतीमुळे शेवटच्या सामन्यातील काही मिनिटेच खेळू शकला, तर गोलरक्षक सुब्रत पालने इतके फटके अडवले की हरलेल्या संघातला तोच सर्वांत जास्त लक्षात राहिला. तेरा गोल खाणाऱ्या संघाचा नायक गोलरक्षक असावा, यात त्या वेळच्या अपेक्षांचे माप दिसते: किती फरकाने हरणार, एवढाच तेव्हाचा प्रश्न होता.

आजची आकडेमोड खऱ्या अर्थाने सुरू झाली ती 2019 मध्ये संघांची संख्या सोळावरून चोवीस झाल्यावर. सहा गट, प्रत्येकी चार संघ. पहिले दोन संघ बाद फेरीत आणि सहा गटांतील तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी सर्वोत्तम चार संघही बाद फेरीत. चोवीसपैकी सोळा संघ पुढे जाणार म्हटल्यावर एका विजयानेही दार उघडू शकत होते. दुसरीकडे, मार्च 2015 मध्ये फिफा क्रमवारीत 173 व्या स्थानापर्यंत घसरलेला भारत प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या कारकिर्दीत पहिल्या शंभरात आला होता. हे चढते आकडे दिलासा देणारे होते, परंतु त्यांतील बराचसा भाग आपल्याच तोडीच्या किंवा खालच्या संघांवर मिळवलेल्या विजयांचा होता, हे तेव्हा फारसे कोणी बोलून दाखवले नाही.

चाहता हा शब्दही त्या काळात जपूनच वापरावा लागत होता. जून 2018 मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात झालेल्या आंतरखंडीय चषकाच्या पहिल्या सामन्यात भारताने चायनीज तैपेईला 5-0 असे हरवले, ते पाहायला 2,569 प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीद्वारे आवाहन केले की शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. त्यानंतर केनियाविरुद्धच्या सामन्याची, म्हणजे छेत्रीच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याची, सर्व तिकिटे खपली. फुटबॉलची आवड महाराष्ट्रात नव्हती असे नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या स्थानिक संघांच्या सामन्यांना उसळणारी गर्दी किंवा विश्वचषकाच्या महिन्यात तेथील पेठांमध्ये झळकणारे ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक कोणीही पाहावेत. जिव्हाळा पेठेशी होता आणि स्वप्न लॅटिन अमेरिकेचे होते. मधली राष्ट्रीय संघाची जागा रिकामी होती.

या पार्श्वभूमीवर 6 जानेवारी 2019 रोजी अबुधाबीत भारताने थायलंडला 4-1 असे हरवले. छेत्रीचे दोन, अनिरुद्ध थापा आणि जेजे लालपेखलुआ यांचा प्रत्येकी एक गोल. आशियाई चषकात 1964 नंतरचा हा पहिलाच विजय. दुसऱ्याच दिवशी थायलंडने आपल्या प्रशिक्षकाला काढून टाकले, यावरून निकालाचा धक्का लक्षात यावा. दुसऱ्या सामन्यात यजमान अमिरातीने 2-0 असे हरवले, तरी भारताचे दोन प्रयत्न गोलच्या आडव्या खांबावर आदळून परतले होते, त्यामुळे पराभवानंतरही उत्साह ओसरला नाही. 14 जानेवारीला शारजात बहारीनशी बरोबरी केली की काम होणार होते. तो सामना भारत जिंकण्यासाठी खेळलाच नाही. नव्वद मिनिटे 0-0 अशी तग धरून झाल्यावर भरपाई वेळेच्या पहिल्या मिनिटाला, त्या दिवशी कर्णधारपद सांभाळणाऱ्या प्रणय हलदरच्या हातून पेनल्टी क्षेत्रात चूक झाली आणि बहारीनच्या जमाल रशीदने पेनल्टीवर गोल केला.

त्या एका गोलाचा हिशोब चाहत्यांच्या मनातून आजही गेलेला नाही, आणि तो हिशोब खरोखरच क्रूर आहे. तिकडे अमिराती आणि थायलंड यांच्यात 1-1 अशी बरोबरी झाली होती. शारजातही बरोबरी टिकली असती तर भारत आणि थायलंड यांचे चार-चार गुण झाले असते आणि परस्परांतील विजयामुळे भारत गटात थेट दुसरा आला असता. प्रत्यक्षात तीन गुणांसह तो चौथा, म्हणजे शेवटचा ठरला. त्याच तीन गुणांवर किरगिझस्तान, ओमान आणि व्हिएतनाम आपापल्या गटात तिसरे येऊन बाद फेरीत गेले. किरगिझस्तान व ओमान यांचा गोलफरक भारताइतकाच, शून्य होता. व्हिएतनामचा तर भारतापेक्षाही वाईट होता, आणि लेबनॉनपेक्षा कमी पिवळी कार्डे मिळाल्यामुळे त्याची वर्णी लागली. सामना संपल्यावर काही वेळातच कॉन्स्टंटाइन यांनी राजीनामा दिला. चाहत्यांनी या स्पर्धेतून दोन निष्कर्ष काढले. पहिला असा की भारत बाद फेरीपासून एका मिनिटाच्या अंतरावर आहे. दुसरा असा की पुढच्या वेळी ते अंतर आपोआप भरून निघेल. पहिला त्या रात्रीपुरता बरोबर होता. दुसऱ्याला आधार नव्हता.

तरीही 2023 साल त्या दुसऱ्या निष्कर्षाला पुष्टी देणारे ठरले. नवे प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांच्या संघाने इंफाळमधील तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरमध्ये लेबनॉनला हरवून आंतरखंडीय चषक आणि बंगळूरुमध्ये कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा अशी तीन विजेतेपदे पटकावली. क्रमवारी पुन्हा शंभरच्या आत आली. नोव्हेंबरमध्ये कुवेतला त्यांच्याच मैदानावर 1-0 असे हरवल्यावर आशेला लगाम घालणे अवघड झाले. तिन्ही विजेतेपदे मायदेशी मिळाली होती, ही गोष्ट लक्षात घेणारे थोडेच. दोहाला निघताना अन्वर अली, आशिक कुरुनियन आणि जिक्सन सिंग दुखापतींमुळे संघात नव्हते, आणि गटात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया होते.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध मध्यंतरापर्यंत 0-0 अशी कोंडी टिकली आणि त्या पंचेचाळीस मिनिटांत आशा शिगेला पोहोचली असावी. सामना 0-2 असा गेला. उझबेकिस्तानने 3-0 असे हरवले. तिसऱ्या सामन्यापूर्वी गुण शून्य आणि गोलफरक उणे पाच होता, तरी सीरियाला हरवले तर काय होईल याचे तक्ते चाहते मांडत होतेच. त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. सर्व गटांचे सामने संपल्यावर मात्र दिसले की थट्टा करणारेच चुकले होते: तिसऱ्या क्रमांकाच्या संघांत चीन आणि ओमान दोन गुणांवरच अडकले, त्यामुळे तीन गुण आणि उणे तीन गोलफरक असलेला इंडोनेशिया पुढे गेला, आणि भारताने सीरियाला एका गोलाने जरी हरवले असते तरी तोही गेला असता. आकडेमोड अचूक होती. गोल मात्र झाला नाही. 76 व्या मिनिटाला ओमर ख्रिबिनने केलेल्या गोलामुळे भारत तो सामना 0-1 असा हरला आणि 1984 नंतर प्रथमच एकही गोल न करता मुख्य स्पर्धेतून परतला. या वेळी तर एक गुणही हाती नव्हता.

गोल कोण करणार, हा प्रश्न शक्यतांच्या चर्चेत नेहमीच मागे पडत आला. 2011 पासूनच्या तीन स्पर्धांत भारताचे एकूण सात गोल झाले आणि त्यांतील चार एकट्या छेत्रीचे आहेत. 2014 मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने मैदाने, सराव आणि मानधन यांचा दर्जा उंचावला, पण बहुतेक क्लबांनी मधल्या आघाडीची जागा परदेशी खेळाडूला दिली आणि भारतीय आक्रमक कडेला सरकले किंवा राखीव खेळाडूंत बसले. छेत्रीने जून 2024 मध्ये निवृत्ती घेतली आणि मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला परत यावे लागले, यातच सगळे आले.

2027 च्या स्पर्धेची पात्रता फेरी सुरू झाली तेव्हा हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश आणि भारत या चौघांत क्रमवारीत भारत वर होता, त्यामुळे गट सोपा मानला गेला. येथे तिसऱ्या क्रमांकाची सवलत नव्हती. गटातील पहिलाच संघ जाणार होता. शिलाँगमध्ये बांगलादेशाशी 0-0, हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतील पेनल्टीवर 0-1, सिंगापूरमध्ये भारताने नव्वदाव्या मिनिटाला केलेल्या गोलामुळे 1-1 असे निकाल लागत गेले आणि मधल्या काळात मानोलो मार्केझ यांच्या जागी खालिद जमील प्रशिक्षक झाले. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरविरुद्धचा परतीचा सामना झाला. लालियानझुआला छांगतेने चौदाव्या मिनिटाला भारताला आघाडी मिळवून दिली. सिंगापूरच्या साँग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि त्यानंतर आणखी एक गोल केला. 1-2 असा पराभव झाला तेव्हा गटातील दोन सामने अजून बाकी होते, परंतु कोणत्याही निकालांच्या जुळणीतून भारत पहिला येऊ शकत नव्हता.