मुलं आणि किशोरवयीनांच्या वर्तनसमस्यांवरचं संशोधन

मारामारी, खोटं बोलणं, उलट उत्तरं, शाळा बुडवणं, वस्तू फोडणं, छोट्यामोठ्या चोऱ्या, आणि दुसरीकडे एकदम गप्प होऊन कोपरा धरणं, हे सगळं वर्तनसमस्या या एकाच नावाखाली येतं आणि त्यावर गेली शंभरेक वर्षं रीतसर रिसर्च चालू आहे. मानसशास्त्रवाले, मानसोपचारवाले, शिक्षणवाले, गुन्हेगारीचा अभ्यास करणारे असे सगळेच यात आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटतंच असं काही नाही. तरी सगळ्यांचा मसावि काढला तर एक गोष्ट उरते, ती म्हणजे मूल "बिघडलंय" का याचं उत्तर कोणाला विचारलं आणि त्या मुलाकडे किती वर्षं बघितलं यावर चांगलंच बदलतं.

याची चुणूक १९२८ मध्येच मिळाली होती. विकमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने शिक्षकांना आणि मानसिक आरोग्यातल्या तज्ज्ञांना मुलांच्या वागण्यांच्या याद्या देऊन विचारलं की यातलं गंभीर काय. शिक्षकांनी वर्गाची शिस्त मोडणारं, उद्धट, खोटं बोलणारं पोरगं वर टाकलं, तज्ज्ञांनी मात्र एकटं राहणारं, बुजलेलं, कोणावर विश्वास न ठेवणारं मूल जास्त काळजीचं मानलं. दोन्ही गटांना विचारायची पद्धत सारखी नव्हती म्हणून नंतर यावर बरीच टीका झाली आणि ती रास्तच आहे, पण प्रश्न एकदम योग्य होता: त्रास कोणाला होतोय, वर्गाला की मुलाला?

मग मोजायला सुरुवात झाली. १९५० च्या दशकात लापूझ आणि मंक या दोघींनी अमेरिकेतल्या बफेलो शहरात ४८२ मुलांच्या आयांना गाठून साधे साधे प्रश्न विचारले, तर ४३ टक्के मुलांना सात किंवा त्याहून जास्त गोष्टींची भीती वाटते असं आयांनी सांगितलं, म्हणजे जे "लक्षण" म्हणून दवाखान्यात लिहून घेतलं जात होतं ते बाहेर जवळपास निम्म्या मुलांमध्ये होतं. दवाखान्यात आलेलीच मुलं बघत बसलं की हे कळणार कसं? ब्रिटनमध्ये मायकल रटर आणि मंडळींनी १९६४-६५ मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावरच्या १०-११ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला तेव्हा साधारण ७ टक्क्यांच्या आसपास मुलांमध्ये खरोखर मानसिक अडचण निघाली, आणि पुढे लंडनच्या आतल्या भागात तीच पद्धत वापरली तर प्रमाण जवळपास दुप्पट! यातला बराचसा फरक घरातला ताण, भांडणं, गरिबी, शाळेची अवस्था यांनी समजत होता.

थॉमस आखेनबाख यांनी १९६६ मध्ये लक्षणांची आकडेमोड करून दोन मोठे गट दाखवले, एक बाहेर पडणारं वागणं म्हणजे आक्रमकपणा, नियम मोडणं, आणि दुसरं आत वळणारं म्हणजे भीती, उदासी, अंग चोरून राहणं. ही विभागणी आजही सगळीकडे वापरतात. त्यांची पालकांसाठीची चेकलिस्ट नंतर जगभर गेली, त्यात शंभरावर बाबी असतात आणि प्रत्येकीला ०, १ किंवा २ असं द्यायचं. पण खरी गंमत १९८७ मध्ये झाली, जेव्हा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यासांचा डेटा एकत्र करून बघितलं की एकाच मुलाबद्दल वेगवेगळी माणसं काय सांगतात. आईवडिलांचं आपसात बऱ्यापैकी जुळत होतं, सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणं, ० म्हणजे काहीच नाही) ०.६० च्या आसपास, पण पालक आणि शिक्षक अशी वेगवेगळ्या भूमिकांतली माणसं बघितली की तो सरासरी ०.२८ वर आला, आणि मूल स्वतःबद्दल जे सांगतं त्याचा मोठ्यांच्या सांगण्याशी संबंध तर त्याहूनही कमी. यावरून पालक खोटं बोलतात असं म्हणणारे म्हणोत, पण साधं स्पष्टीकरण हे आहे की मूल घरी एक असतं आणि वर्गात दुसरं. त्यामुळे आता एकाच माणसाच्या फॉर्मवर निदान करणं हलगर्जीपणा समजतात.

निदानाच्या याद्यांवर फार थांबायला नको. १९८० च्या अमेरिकन निदानपुस्तिकेपासून आडमुठेपणाचा, अरेला कारे करण्याचा विकार वेगळा आणि वर्तनविकार वेगळा असं चालत आलंय, आणि वर्तनविकारासाठी आत्ताच्या आवृत्तीत मारामारी, चोरी, शाळा बुडवणं अशा १५ पैकी किमान ३ गोष्टी गेल्या १२ महिन्यांत दिसाव्या लागतात. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये जो अंदाज निघाला त्यात या गटातले विकार सगळे मिळून ५.७ टक्के मुलांमध्ये होते.

कारणांच्या बाबतीत सगळ्यात कामाचं काम मला जेराल्ड पॅटरसन यांचं वाटतं. ओरेगनमधली त्यांची माणसं थेट घरात जाऊन बसायची, टीव्ही बंद ठेवायला सांगायची, आणि दर सहा सेकंदांना कोण काय करतंय याचा कोड टाकायची. त्यातून जे दिसलं ते कुठल्याही घरात ओळखू येईल: आई म्हणते खेळणी उचल, मुलगा म्हणतो नाही, आई आवाज चढवते, तो किंचाळतो, लाथ मारतो, आई वैतागून म्हणते जाऊ दे, मीच उचलते. मुलगा लगेच शांत. आता यात मुलगा शिकला की किंचाळलं की काम टळतं, आणि आईही शिकली की माघार घेतली की किंचाळणं थांबतं, म्हणजे दोघांनाही त्या क्षणी बक्षीस मिळालं आणि उद्या हेच पुन्हा होणार, थोडं वरच्या पट्टीत. वाईट मूल किंवा वाईट आई असं कोणी यात लागतच नाही. १९८२ पर्यंत त्यांनी याची पूर्ण थिअरी मांडली आणि पालकांसाठीची बहुतेक ट्रेनिंग तिथूनच निघाली.

केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये मुलांच्या डोक्यात काय चालतं ते बघितलं. मुलगा कोडं जोडतोय, दुसऱ्याने ते मोडलं असं त्याला कळतं, पण मुद्दाम मोडलं की चुकून हे स्पष्ट नाही. हेतू उघड वाईट किंवा उघड चांगला असला तर आक्रमक आणि शांत मुलं साधारण सारखीच वागली, पण हेतू धूसर असला की आक्रमक मुलांनी ते मुद्दामच मोडलंय असं धरून उत्तर दिलं. जीन्सचा भाग आहेच, जुळ्यांच्या अभ्यासात तो दिसतो, पण "गुन्हेगारीचा जीन" वगैरे बातम्या आल्या की सरळ दुर्लक्ष करावं, एकेका जीनवरचे दावे पुढच्या अभ्यासांत डगमगतात.

वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे अभ्यास हा या विषयाचा कणा आहे. ली रॉबिन्स यांनी सेंट लुईसच्या एका क्लिनिकमध्ये लहानपणी आलेल्या ५२४ जणांना तब्बल ३० वर्षांनी शोधून काढलं आणि १९६६ मध्ये मांडलं की समाजविघातक वागणारे जवळपास सगळे मोठे लहानपणीही तसेच होते, पण उलट खरं नाही, लहानपणी तसं वागणारी बरीच मुलं मोठेपणी तशी राहिली नाहीत. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा कोणी सांगत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा अभ्यास आजही चालू आहे आणि त्याच्या आधारावर टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा सांगितल्या: थोडी मुलं अगदी लहानपणापासून सुरू होऊन पुढेही तशीच, आणि बरीच मोठी संख्या फक्त किशोरवयात नियम मोडणारी. नंतर कळलं की दुसऱ्या वाटेवरचे सगळेच काही सुखरूप बाहेर पडत नाहीत, आणि लहानपणी त्रास देऊन नंतर निवळणारी मुलंही आहेत. मॉन्ट्रियलमध्ये रिचर्ड ट्रेम्बले यांनीही योगायोगाने १०३७ मुलगेच घेतले होते, आणि त्यांच्या एकूण कामातून निघालं की मारणं, चावणं, ढकलणं हे सगळ्यात जास्त दोन ते चार वर्षांच्या दरम्यान होतं आणि मग बहुतेकांचं कमी होत जातं. हिंसा बाहेरून शिकतात ही समजूत यामुळे बरीच हलली, मुलं खरं तर न मारायला शिकतात.

उपायांचा इतिहास मात्र वाचवत नाही. मॅसेच्युसेट्समध्ये १९३९ पासून ५०६ मुलग्यांच्या जोड्या लावून, नाणेफेक करून निम्म्यांना वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, समर कॅम्प असं सगळं दिलं, बाकीच्यांना काहीच नाही. जोन मॅकॉर्ड यांनी ३० वर्षांनी त्यांना शोधलं तर मदत मिळालेल्यांपैकी दोनतृतीयांशांहून जास्त लोक म्हणाले खूप फायदा झाला, आणि नोंदी सांगत होत्या की दारू, गंभीर मानसिक आजार, पुन्हा गुन्हा, लवकर मृत्यू या सगळ्यांत हाच गट वाईट निघाला. पुढे १९९९ मध्ये डिशन, मॅकॉर्ड वगैरेंनी बघितलं तर नुकसान मुख्यतः एकापेक्षा जास्त वेळा कॅम्पला गेलेल्यांमध्ये दिसत होतं. त्रास देणारी मुलं एकत्र ठेवली की नियम मोडल्याच्या गोष्टींवर हशा पिकतो आणि तो हशाच बक्षीस ठरतो, असं डिशन यांच्या कामातून पुढे आलंय. अमेरिकेतले तुरुंग दाखवून पोरांना घाबरवायचे कार्यक्रमही असेच, लोकांना भयंकर आवडतात, आणि नीट चाचण्या एकत्र केल्यावर गुन्हे वाढवणारे निघाले.

जे चालतं ते कंटाळवाणं आहे. पालकांना समोर बसवून सराव करून घेणं, म्हणजे चांगल्या वागण्याकडे लगेच लक्ष द्यायचं, सूचना छोटी आणि एकदाच द्यायची, परिणाम ठरलेला आणि सौम्य ठेवायचा, दहा वर्षांखालच्या मुलांसाठी याला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. त्याहून मोठ्या मुलांसाठी कुटुंब, शाळा, मित्र सगळं एकदम हाताळावं लागतं आणि त्याचे निकाल देशागणिक बदलतात. वर्गासाठी १९६९ मध्ये कॅन्ससच्या चौथीच्या एका वर्गात एक खेळ करून बघितला, वर्गाच्या दोन टीम करायच्या, कोणी जागा सोडली किंवा मध्येच बडबडलं की त्या टीमच्या नावावर फळ्यावर खूण, खुणा कमी तर टीम जिंकली, आणि दोन्हीच्या कमी असतील तर दोन्ही जिंकतात. एवढंच. बॉल्टिमोरमध्ये १९८० च्या दशकात पहिलीतल्या मुलांवर तो वापरून ती विशीत आल्यावर तपासलं, तर सुरुवातीला जास्त आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये ड्रग्जचा त्रास कमी दिसला.

मोठी भोकंही आहेत. मॉन्ट्रियलमध्ये फक्त मुलगे, मॅसेच्युसेट्समध्ये फक्त मुलगे, मुलींकडे गंभीरपणे बघायला १९९५ उजाडलं, जेव्हा क्रिक आणि ग्रॉटपीटर यांनी मैत्री तोडून, अफवा पसरवून, गटाबाहेर काढून केलेला आक्रमकपणा वेगळा मोजला. आणि जगातली जवळपास ९० टक्के मुलं कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, तर उपायांच्या नीट चाचण्या बहुतेक श्रीमंत देशांतल्याच, त्यामुळे वर दिलेले आकडे कितपत सगळ्यांना लागू करायचे यावर वाद चालूच आहे.