चेपणारं हेल्मेट

हेल्मेट कशासाठी, असं मुलांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ते कडक असतं, म्हणून डोकं फुटत नाही. उत्तर अगदीच चुकीचं नाही, पण अर्धवट आहे आणि तो अर्धवटपणा आपण मोठ्यांनीच शिकवलेला असतो. नुसत्या कडकपणावर भागलं असतं, तर डोक्यावर लोखंडी पातेलं बांधूनही चाललं असतं. पडल्यावर पातेल्याला काही झालं नसतं. धक्का मात्र जसाच्या तसा डोक्याला बसला असता.

हे शब्दांत समजावत बसण्यापेक्षा सरळ एक अंडं हातात घ्यावं. दोघांनी चादर उभी पण सैलसर धरायची, खालची कड वर उचलून झोळी करायची आणि मुलांना सांगायचं, आता अंडं जीव खाऊन फेका. कितीही जोर लावला तरी ते फुटत नाही. (नेम चुकला तर फुटतं, म्हणून हा उद्योग घराबाहेर.) तेवढ्याच जोरात भिंतीवर फेकलेल्या अंड्याचं काय होतं, ते सांगायला नको. वेग दोघांचाही सारखाच होता आणि दोन्ही शेवटी थांबलीच. पण भिंतीने अंड्याला थांबायला जागा दिली नाही, चादरीने दिली. थांबायला अंतर जास्त मिळालं की वेळही जास्त मिळतो आणि बल तेवढं कमी होतं.

शिकवणारे बहुतेक जण इथवर येऊन थांबतात. खरी मजा पुढच्या हिशेबात आहे, आणि तो नुसता भागाकार आहे. वस्तू किती उंचीवरून पडली, भागिले थांबताना ती किती सरकली. उत्तर जेवढं येईल, साधारण तेवढ्या पट स्वतःच्या वजनाइतकं बल तिच्यावर सरासरीने येतं. सायकलवरून पडणाऱ्याचं डोकं दीड मीटरवरून खाली आलं असं धरू. टेकताना त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. उघडं डोकं सिमेंटवर आपटून ३ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर उत्तर ५००. हेल्मेटच्या आतला थर २० मिलिमीटर चेपला, तर ७५. मोठ्या माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. म्हणजे एकीकडे सव्वादोन टनांच्या वर आणि दुसरीकडे साडेतीनशे किलोंच्या आसपास. ही सरासरी झाली. ऐन क्षणीचा धक्का याहून मोठा असतो. अमेरिकेतल्या सायकल हेल्मेटच्या मानकानुसार ते २ मीटरवरून सपाट पृष्ठभागावर आपटतात, तेव्हा आतल्या कृत्रिम डोक्याला ३०० पटींपेक्षा मोठा धक्का बसून चालत नाही.

चेपणारा हा थर म्हणजे खोक्यांत भरतात त्या थर्माकोलचाच जास्त दाट भाऊबंद. इवल्या इवल्या बंद कप्प्यांत कोंडलेली हवा. आघात झाला की कप्पे चिरडतात आणि पडण्याची ऊर्जा त्या मोडतोडीत खर्ची पडते. मुलांना थर्माकोलचा जाड ठोकळा द्या. त्यावर मीटरभर उंचीवरून एक गोटा सोडायला सांगा, पाय लांब ठेवून. खळगा पडेल, तो फूटपट्टीने मोजायचा. ५ मिलिमीटर भरला तर उत्तर २००. मग तोच गोटा पुन्हा त्याच खळग्यात सोडायचा. या वेळी खळगा आणखी थोडाच खोल जातो, म्हणजे भागाकाराचं उत्तर वाढतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी का बदलायचं, याला वेगळं व्याख्यान लागत नाही.

आता स्पंज. तो एका झटक्यात तळापर्यंत दबतो आणि वर गोट्याला उसळी देतो. उसळी मिळाली म्हणजे वेग शून्यावर न थांबता उलट दिशेला गेला, आणि तेवढा धक्का वाढला. म्हणून हेल्मेटच्या आत नुसती गुबगुबीत गादी कामाची नाही. वरचं कवच हवंच, कारण टोकदार दगडाचा जोर ते मोठ्या क्षेत्रावर पसरवतं. गुडघ्यावरच्या पॅडची कडक वाटीही हेच करते. शिवाय ती घसरते, म्हणून कातडी सोलवटत नाही.

सीटबेल्टची गोष्ट याच हिशेबातली, फक्त आकडे मोठे. ताशी ५० किलोमीटरने आदळणं म्हणजे जवळजवळ १० मीटरवरून, तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडणं. गाडीचं नाक चेपतं, तेवढं अंतर गाडीला मिळतं. त्यातला वाटा आतल्या माणसाला मिळायचा तर त्याला गाडीशी बांधायलाच हवं. नुसता कमरेवरचा पट्टा पोटात रुतायचा. व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन टोकांचा पट्टा आणला, तो जोर छाती, खांदा आणि कमरेच्या हाडांवर वाटतो. लहान मुलाच्या अंगावर हाच पट्टा मानेवर आणि पोटावर सरकतो, म्हणून त्याला उंच बैठक लागते. मांडीवर घेतलेल्या १० किलोच्या बाळाला त्या वेगातून दशांश सेकंदात थांबवायला सुमारे १४० किलोंचं ओझं पेलण्याइतका जोर लागतो. कुठल्याच आईबापाच्या हातांत तो नसतो, आणि हा आकडा मुलांपेक्षा मोठ्यांनाच आधी सांगायला हवा.

एवढं झाल्यावर कुणीतरी विचारणारच: मग हेल्मेट फूटभर जाड का करत नाहीत? भागाकाराचं उत्तर कमी येईल, हे खरंच. पण एवढा डोलारा मानेला पेलवणार नाही, आणि रुंद हेल्मेट जमिनीला अडकलं की डोकं गर्रकन फिरेल. मेंदू मऊ असतो; कवटी अचानक फिरली की तो आतल्या आत ताणला जातो. आपला भागाकार ही गोष्ट मोजतच नाही. काही नव्या हेल्मेटांत त्यासाठी डोक्याजवळ एक निसरडा थर बसवतात, जो तिरका आघात झाल्यावर १० ते १५ मिलिमीटर सरकू शकतो.